टोकियो राष्ट्रीय संग्रहालय: हाती एकच दुपार असेल तर सुरुवात कुठून करावी?

टोकियोत एकच दुपार मोकळी असताना उएनो उद्यानातील राष्ट्रीय संग्रहालयात जाण्यात अर्थ आहे का, आणि गेल्यास आधी काय पाहावे, असे आपण विचारले आहे. जरूर जावे. मात्र १८७२ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या संग्रहात लाखाहून अधिक वस्तू आहेत, त्यामुळे सगळे पाहून होईल ही अपेक्षा फाटकाबाहेरच ठेवावी.

बहुतेक लोक फाटकातून आत येताच समोरच्या मुख्य इमारतीत शिरतात. मी आपल्याला आधी डावीकडे वळून होर्यूजी खजिन्याच्या दालनात जाण्याचा आग्रह करीन. नारा शहराजवळच्या होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिराने मेइजी सम्राटाच्या काळातील आर्थिक ओढाताणीत, १८७८ साली, आपल्याकडील तीनशेहून अधिक वस्तू राजघराण्याला अर्पण केल्या आणि त्याबदल्यात मिळालेल्या रकमेतून मंदिराची डागडुजी केली. त्या वस्तूंसाठी वास्तुकार योशियो तानिगुची यांनी बांधलेली ही इमारत १९९९ साली खुली झाली. आतील एका काळोख्या खोलीत सोन्याचा मुलामा दिलेल्या छोट्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. प्रत्येक मूर्तीला स्वतंत्र काचपेटी असल्याने तिच्याभोवती फिरून पाठीवरची वस्त्राची चुणीसुद्धा पाहता येते.

याच संग्रहात मायादेवीची सातव्या शतकातील एक मूर्ती आहे. तिची उंची वीतभरही नाही. मायादेवीने उजवा हात वर उचलला आहे आणि तिच्या झग्याच्या रुंद, लोंबत्या बाहीतून बालबुद्ध हात जोडून डोक्याकडून बाहेर येत आहे. भारतीय शिल्पांत तो आईच्या उजव्या कुशीतून प्रकटतो; इथे अंगभर दरबारी पोशाख असल्यामुळे शिल्पकाराने त्याला बाहीतून वाट करून दिली आहे. लुंबिनीची कथा लहानपणापासून ऐकलेली असूनही या मूर्तीपुढे मी बराच वेळ खिळून राहिलो, कारण एवढ्या दूर पोहोचताना ती कथा कशी बदलत गेली असेल, हे त्या एका बाहीत दिसते.

त्यानंतर मुख्य इमारतीत जावे. जुनी वास्तू १९२३ च्या भूकंपात निकामी झाल्यावर बांधलेली ही इमारत १९३८ साली खुली झाली. दुसऱ्या मजल्यावरील दालने कालक्रमाने लावलेली आहेत, आणि जोमोन या प्रागैतिहासिक काळातील मातीच्या भांड्यांपासून एडो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) किमोनो व ठशांच्या चित्रांपर्यंतचा प्रवास दीड-दोन तासांत होतो. खालच्या मजल्यावर तलवारी आहेत. तलवार सरळ उभे राहून पाहिली तर नुसते पोलाद दिसते; थोडे वाकून दिव्याचा प्रकाश पात्यावरून सरकू द्यावा, म्हणजे धारेलगत धुक्यासारखी पांढरी, नागमोडी रेघ उमटते. पाणी देण्यापूर्वी पात्याच्या पाठीला मातीचा जाड आणि धारेला पातळ थर लावतात. त्यामुळे धार झटकन थंड होऊन कठीण होते, पाठ चिवट राहते आणि दोहोंच्या सीमेवर ही रेघ तयार होते.

एक गोष्ट मात्र जाण्यापूर्वी ध्यानात घ्यावी. कागद, रेशीम आणि लाख यांवरील काम प्रकाशाने खराब होते, म्हणून अशा वस्तू काही आठवडेच मांडतात आणि मग विश्रांतीसाठी आत नेतात. सोळाव्या शतकातील चित्रकार हासेगावा तोहाकू याचे धुक्यातील पाइन वृक्षांचे घडीचे पडदे पाहण्याच्या ओढीने मी पहिल्यांदा भर उन्हाळ्यात गेलो होतो. ते बहुधा जानेवारीत, नववर्षाच्या सुमारास मांडले जातात, हे मला तिथे पोहोचल्यावर कळले. एखादी विशिष्ट कलाकृती मनात असेल, तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची मांडणी आधी पाहून घ्यावी.

पूर्वेकडील आशियाई कलेची इमारत मी या खेपेस वगळीन. ती उत्तम आहे, परंतु तेथील गांधार शिल्पांसारखी शिल्पे आपल्याला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पाहता येतात, आणि होर्यूजीच्या मूर्तींसाठी मात्र इथेच यावे लागते. संग्रहालय सहसा सोमवारी बंद असते. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ते त्या दिवशी उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद असते. आपली मोकळी दुपार कोणत्या वारी येते, तेवढे पाहून घ्यावे.