डबल बार

चि. मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेएकला आला. "काका, वाजवणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही, मग क्वार्टेट पुरं करून करू काय?" सकाळपासून चारदा वाचला. चार तंतुवाद्यांसाठी लिहायला घेतलेलं अर्धवट सोडायचं म्हणतेस. हात चांगला आहे, कान तयार आहे, हे तुला ठाऊक आहे. त्यावर शाई घालवत नाही.

निकोस स्काल्कोटास हा संगीतकार ऐकलायस? नसशीलच. १९०४ सालचा, ग्रीसमधल्या एविया बेटावरच्या हाल्किदाचा. सोळाव्या वर्षी अथेन्सच्या कॉन्झर्व्हेटरीतून व्हायोलिनचं सुवर्णपदक, पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीवर बर्लिन. तिथे दोनेक वर्षांत पठ्ठ्याने सोलो वादक व्हायचा नाद सोडला, कारण लिहायचं होतं. पोटासाठी कॅफेत वाजवलं, मूकपटांना वाजवलं. १९२७ पासून आर्नोल्ड शोनबर्ग ह्या नामांकित संगीतकाराच्या वर्गात. शेकडो विद्यार्थ्यांतून खरे संगीतकार झालेल्या मोजक्यांची नावं शोनबर्गने पुढे एका लेखात दिली, त्यात ह्याचं आहे.

१९३३ ला खिसा रिकामा झाला म्हणून अथेन्सला परतला. पासपोर्ट काढून घेतला गेला, बर्लिन कायमचं सुटलं. वह्यांचा ढीग तिथेच राहिला, बराचसा गेलाच. काही वह्या तो गेल्यावर बर्लिनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडल्या.

आणि अथेन्समध्ये काम काय? ऑर्केस्ट्रात मागच्या डेस्कवर, म्हणजे मागच्या रांगेत, व्हायोलिन.

मागच्या डेस्कचं मला विचार. एकतीस वर्षं मुंबईच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंड व्हायोलिनच्या शेवटच्या स्टँडवर आतल्या बाजूला बसलो. पान उलटायचं ते आतल्याने. शेजारचा वाजवत राहतो, तू बो मांडीवर टेकवून कागदाचा आवाज न करता पान फिरवतेस, दोन बार, म्हणजे नोटेशनमधले दोन कप्पे, सुटतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सोलोच्या पदकवाल्याने वर्षानुवर्षं तिथे बसायचं म्हणजे काय, ते त्या जागेवर बसल्याशिवाय कळत नाही.

आता ऐक. हा माणूस दिवसा तालमी करायचा आणि घरी येऊन लिहायचा. १९३९ ला पियानो आणि दहा फुंकवाद्यांसाठी तासाभराचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकीची सोबतीला अशी रचना. १९४० ला पियानोचे ३२ तुकडे. जर्मनांच्या ताब्यातल्या, नुकत्याच उपासमारीतून गेलेल्या अथेन्समध्ये डबल बेससाठी कॉन्चेर्टो. अगं, डबल बेस, व्हायोलिनच्या कुळातलं सगळ्यात मोठं, खर्जातलं वाद्य! कोण वाजवणार होतं? ह्यातलं बहुतेक त्याच्या हयातीत वाजलंच नाही. तरी शेवटच्या पानावर डबल बार आहे, रचना पुरी झाल्याची खूण. बारीक रेघ, शेजारी जाड रेघ. ती ओढायला कुणाची परवानगी लागत नाही.

जिंगल करतेस त्याची लाज वाटते म्हणालीस. कसली लाज? ह्याने लोकसंगीताच्या एका संग्रहासाठी रेकॉर्डवरची गाणी ऐकून ऐकून नोटेशन उतरवून दिलं. आपले ३६ ग्रीक नाचही लिहिले, आणि लोकांना माहीत झाला तो तेवढ्याने. ते नाच काही वेठबिगारीचे नाहीत. सकाळी जिंगल कर, पण रात्री डबल बारकडे चाल.

माझं? १९८४ ला स्ट्रिंग ट्रिओ, तीन तंतुवाद्यांची रचना, लिहायला घेतला होता. दोन मूव्हमेंट, म्हणजे भाग, झाल्या, तिसरी अडली. एका मोठ्या माणसाला वही दाखवली, त्याने चार पानं चाळली आणि "हे कोण वाजवणार?" म्हणून चहा मागवला. मी तो प्रश्न घरी घेऊन आलो. तुझा मेसेज वाचून राग आला तो तुझा नव्हे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

पण मलाही दोन मुलं होती, भाड्याची खोली होती, दिवसाला दोन दोन शिफ्ट. स्काल्कोटासलाही बायको होती, मूल होतं, म्हणशील. होतं. पण त्याला रात्री साडेअकराची अंधेरी लोकल पकडायची नव्हती! आणि मी शिफ्ट कधी बुडवली नाही, कुणाचं पान चुकीचं उलटलं नाही, ह्यालाही काही किंमत आहे की नाही? ...जाऊ दे. लोकलमध्ये खिडकी मिळाली की मी झोपायचो. लिहिता आलं असतं.

सप्टेंबर १९४९ मध्ये हर्निया अडकून तो गेला. दुखणं अंगावर काढलं होतं. वय ४५. दुसरा मुलगा बाप गेल्यावर जन्मला. माझं वय आज ७१ आहे आणि तिसरी मूव्हमेंट अजून अडलेलीच आहे, तेव्हा मला गुरू वगैरे म्हणू नकोस.

तुझी वही परत पाहिली. शेवटची मूव्हमेंट ४८व्या बारवर थांबली आहे. व्हायोला एकटी लटकते आहे. तिथे चेलोला खाली उतरव, नाहीतर दोन बार सगळ्यांनाच गप्प ठेव, तुझं तू बघ. वाजवणारे शोधायचं आत्ता डोक्यात आणू नकोस. रविवारी दुपारी ये, येताना वही आण. पेन्सिल नको, पेन आण. मी माझी ट्रंक माळ्यावरून काढून ठेवतो. एकट्याला झेपली नाही तर तू आल्यावर काढू.

— काका