ड्रॅगनच्या शक्ती नेमक्या कोणत्या? आधी तो बोलतो का ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फँटसी कादंबऱ्यांमध्ये प्रत्येक लेखकाचा ड्रॅगन वेगळाच दिसतो. कुणाचा आग ओकतो, कुणाचा बोलतो, कुणाला पंखच नसतात. मग सगळ्यांना लागू पडतील असे काही नियम आहेत का, आणि सगळ्यांत ताकदवान ड्रॅगन कोणता?

सगळ्यांना बांधणारा नियम नाही. पण अशी पुस्तकं वाचत आल्यामुळे माझ्यापुरती एक कसोटी तयार झाली आहे. नवा ड्रॅगन भेटला की पंख, खवले, आग हे सगळं बाजूला ठेवायचं आणि आधी बघायचं, हा बोलतो का? बोलत असेल तर तो कथेतलं पात्र असतो, त्याला स्वतःचा डाव असतो, आणि त्याची आग बऱ्यापैकी दुय्यम ठरते. बोलत नसेल तर तो जनावर असतो किंवा शस्त्र, आणि मग लगाम कुणाच्या हातात आहे यावर कथा चालते. ड्रॅगनच्या शक्तींची यादी याच्या नंतर येते.

बोलणाऱ्यांत स्माउगइतका चांगला नमुना दुसरा नाही. टॉल्किनच्या १९३७ सालच्या 'द हॉबिट'मधला हा ड्रॅगन बुटक्यांचं राज्य उद्ध्वस्त करून त्यांच्या सोन्यावर लोळत पडलेला आहे. बुटक्यांसोबत आलेला कथानायक बिल्बो अदृश्य होऊन त्याच्या गुहेत शिरतो आणि दोघांचं संभाषण होतं. आगीचा एक लोळ सोडला असता तर विषय तिथेच संपला असता, पण स्माउग गप्पा मारतो. का? कारण त्याला माहिती हवी आहे. बिल्बो चतुराईने कोड्यात बोलतो, स्वतःला पिंपावर स्वार होऊन आलेला म्हणवतो, आणि स्माउग त्यावरून बरोबर ताडतो की सरोवरावरच्या गावाने यांना मदत केली आहे. मग तो एक साधा, व्यवहारी प्रश्न विचारतो: तुझा वाटा घरापर्यंत नेणार कसा? वाहतुकीचं काय, पहारेकऱ्यांचं काय, वाटेतल्या जकातीचं काय? बिल्बोने याचा विचारच केलेला नसतो. बुटके आपल्याला फसवत तर नाहीत ना, ही शंका तिथेच त्याच्या मनात रुजते. स्माउगने बोटही हलवलं नाही आणि सोबत्यांमध्ये फट पाडली.

आणि त्याच गप्पांनी त्याचाही घात होतो. बिल्बो स्तुती करतो, स्माउग फुशारून पोट दाखवतो. रत्नं रुतून बसलेल्या त्या पोटावर, डाव्या छातीशी, एक उघडी जागा असते. ती खबर एका पक्ष्यामार्फत धनुर्धाऱ्यापर्यंत पोचते आणि पुढे बाण लागतो तो तिथेच. हे संभाषण दोन्ही बाजूंनी खेळलेलं युद्ध आहे. गाव जाळणारी आग पुढे येते, निकाल त्याआधीच लागलेला असतो.

टॉल्किनला हे आपोआप सुचलं नव्हतं. तो ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यावर त्याने १९३६ साली दिलेलं व्याख्यान आजही वाचलं जातं. त्या काव्यात ३०० वर्षं खजिना राखत बसलेला ड्रॅगन एक पेला चोरीला गेला म्हणून रात्री बाहेर पडतो आणि गावं जाळत सुटतो. 'द हॉबिट'मधल्या पेल्याची चोरी थेट तिथून आलेली आहे. मात्र बेओवुल्फचा ड्रॅगन एक शब्दही बोलत नाही. बोलणं आलंय उत्तरेकडच्या, म्हणजे नॉर्स कथांमधल्या फाफनिरकडून. हा मुळात ड्रॅगन नव्हताच. बापाला मारून सोनं बळकावलं, त्याच्यावर जाऊन पडला आणि ड्रॅगन झाला. धनावरचा भुजंग आपल्या ओळखीचा आहे, फक्त इथे तो जिवंतपणीच होतो. त्या कथेचा नायक सिगुर्ड त्याच्या वाटेत खड्डा खणून खालून तलवार खुपसतो. मरता मरता फाफनिर त्याच्याशी बराच वेळ बोलतो आणि हे सोनं तुझाही जीव घेईल असं बजावतो. पुढे त्याचं काळीज भाजताना सिगुर्डचं बोट पोळतं, तो ते तोंडात घालतो आणि त्याला पक्ष्यांची भाषा कळायला लागते. ड्रॅगनच्या रक्तातून त्याला मिळतं काय, तर भाषा. बळ नाही, अमरत्वही नाही.

अर्सुला ले ग्विनने हाच धागा पकडून सगळ्यांत लांब नेला. तिच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीतल्या जगात जादू म्हणजे वस्तूंची खरी नावं माहीत असणं. ही नावं ज्या आदिम भाषेत आहेत, ती ड्रॅगनांची मातृभाषा आहे. माणसाला त्या भाषेत खोटं बोलता येत नाही. ड्रॅगनला येतं! खरेच शब्द वापरून तो ऐकणाऱ्याला भलतीकडे नेतो. तरुण जादूगार गेड पेंडोर बेटावरच्या म्हाताऱ्या ड्रॅगनसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे एकच हत्यार असतं: जुन्या कथांवरून बांधलेला अंदाज, की या ड्रॅगनचं खरं नाव येवॉड असावं. अंदाज बरोबर ठरतो आणि ते अजस्र धूड जागच्या जागी अडकतं. पण येवॉडकडेही एक पत्ता आहे. गेडच्या मागे एक निनावी सावली लागलेली आहे आणि तिचं नाव सांगायची तयारी तो दाखवतो. म्हणजे गेडने स्वतःचा जीव वाचवायचा की ज्या बेटवासीयांच्या रक्षणासाठी तो आला त्यांचा? गेड बेटवासी निवडतो आणि ड्रॅगनकडून शपथ घेतो, की तू किंवा तुझी पिल्लं तिकडे कधीच फिरकणार नाहीत. त्याआधी काही पिल्लांशी त्याची झुंज झालेली असते खरी, पण लक्षात राहतं ते हे.

आता दुसरं टोक. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ड्रॅगनांना (पहिली कादंबरी 'अ गेम ऑफ थ्रोन्स', १९९६ची) वाचा नाही. दोन पाय, दोन पंख, आग, आणि कितीही खाल्लं तरी न भागणारी भूक. हे मरेपर्यंत वाढत राहतात, पण मोकळे असतील तरच. राजवाड्याच्या तळघरातल्या कवट्या बघा: बालेरियन या जुन्या ड्रॅगनची कवटी अशी की अख्खा रानबैल गिळेल, आणि शेवटच्या दोन पिल्लांच्या कवट्या मोठ्या कुत्र्याच्या कवटीएवढ्या आणि वेड्यावाकड्या. एका राजघराण्याचा सगळा ऱ्हास त्याने हाडांच्या मापात सांगितलाय. त्याच घराण्यातल्या डेनेरिसचे तीन ड्रॅगन बोलत नाहीत म्हणूनच त्यांनी केलेल्या प्रत्येक कृत्याचा जाब तिला द्यावा लागतो. एक बाप आपल्या लेकराची जळकी हाडं तिच्यासमोर आणून ठेवतो, तेव्हा ड्रॅगनला काय विचारणार? ती दोघांना साखळदंडात घालते, तिसरा आधीच पळालेला असतो. हे ड्रॅगन मारताही येतात. मेराक्सेस नावाची ड्रॅगन डोळ्यात एक लोखंडी बाण घुसून पडली. अजिंक्य शस्त्र ही कल्पना मार्टिनला मानवत नाही, आणि मला ते पटतं.

या दोघांच्या मध्ये अॅन मॅकाफ्रीचे पर्न ग्रहावरचे ड्रॅगन बसतात. तिची 'ड्रॅगनफ्लाइट' १९६८चीच. इथे ड्रॅगन मनातल्या मनात बोलतो आणि ते बोलणं त्याच्या स्वाराला ऐकू येतं. अंड्यातून बाहेर आल्याबरोबर पिल्लू आपला माणूस निवडतं, ती गाठ कायमची. स्वार मेला तर ड्रॅगन एका थंड पोकळीत उडी घेऊन स्वतःला संपवतो. हीच पोकळी एरवी त्यांची सर्वांत मोठी शक्ती आहे: तिच्यातून क्षणात शेकडो मैल पार करता येतात, काळातही मागे जाता येतं. अट एवढीच, की जायचं ते ठिकाण स्वाराच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं असलं पाहिजे. चित्र चुकलं तर परत येणं नाही. आगीलाही किंमत आहे. ती पोटात आपोआप तयार होत नाही, एक विशिष्ट दगड चावून गिळावा लागतो, आणि तो चावणाऱ्या हिरव्या माद्या वांझ होतात. म्हणून अंडी घालणाऱ्या सोनेरी राण्यांना तो देत नाहीत. त्यांच्या स्वार स्त्रिया हातात ज्वालायंत्र घेऊन लढतात. शक्ती, तिचं इंधन, तिचा तोटा आणि त्यातून आलेली समाजव्यवस्था हे सगळं एका दगडातून काढलंय. बहुतेक नवे लेखक आग घेतात आणि दगड विसरतात.

उडण्याबद्दल आणि आगीबद्दल 'हे शक्य आहे का' असं पुष्कळजण विचारतात, तर ते थोडक्यात उरकतो. प्राण्याची लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. त्यामुळे मोठ्या ड्रॅगनचा हिशेब जुळत नाही. उडणाऱ्या ज्ञात प्राण्यांत सर्वांत मोठ्यांपैकी एक असलेल्या, डायनोसॉरांच्या काळातल्या क्वेट्झलकोआटलसचा पंखविस्तार साधारण १० ते ११ मीटर होता आणि वजनाचे अंदाज २०० ते २५० किलोच्या आसपास आहेत. पीटर डिकिन्सनने १९७९ सालच्या 'द फ्लाइट ऑफ ड्रॅगन्स'मध्ये यावर एक झकास तोड काढली: पोटातल्या आम्लापासून हायड्रोजन तयार होतो, तोच ड्रॅगनला हलकं करतो आणि तोच पेटतो. वाचायला मजा येते, पण आकडेमोड केली की हवा निघून जाते. एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम १.१ किलो उचलतो. पाच टनांच्या ड्रॅगनला साडेचार हजार घनमीटर वायू लागेल, म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १६ मीटरहून मोठी टाकी. अशा ड्रॅगनला खजिन्यावर बसवायचं नाही, दोरीने बांधून ठेवायचं. आगीचा निसर्गातला जवळचा नातेवाईक म्हणजे बॉम्बार्डियर भुंगा. तो दोन रसायनं शरीरात वेगवेगळी साठवतो आणि ऐनवेळी एकत्र करून जवळपास १०० अंशांचा फवारा मारतो. ज्वाला मात्र नाही.

रंगांवरून शक्ती ठरतात हे तुम्ही कुठे वाचलं असेल तर ते १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातून पसरलेलं आहे. लाल आग ओकतो, निळा वीज, पांढरा गारठा, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू; आणि सोनेरी, चंदेरी वगैरे धातूच्या रंगाचे ते सज्जन. खेळायला उत्तम, कारण समोर कोण आहे ते बघताक्षणी कळतं. कथेत मला हेच खटकतं. दुष्टपणा खवल्यांच्या रंगावर ठरत असेल तर स्माउगशी बोलायला जायचं कशाला?

पूर्वेकडचे ड्रॅगन या सगळ्यात बसत नाहीत. चिनी परंपरेतला लोंग पंखांशिवाय उडतो, पाऊस आणि नद्या त्याच्या ताब्यात असतात, आणि माणसं त्याची प्रार्थना करतात, शिकार नाही. ऋग्वेदातला वृत्रही सर्परूपच, पण तो पाणी अडवून बसतो आणि इंद्र त्याला वज्राने मारून ते मोकळं करतो. एक पाणी देणारा, एक अडवणारा. फँटसीत पाण्यावर सत्ता असलेला ड्रॅगन अजून फार थोड्यांनी नीट वापरला आहे, आणि खरं तर आगीने एक गाव जळतं, दुष्काळाने सगळा मुलूख.

आता सगळ्यांत ताकदवान कोण? आकाराचीच बोली लावायची असेल तर टॉल्किनचा काळा आंकालागॉन. तो आकाशातून कोसळला तेव्हा त्याच्याखाली डोंगरांचे सुळके मोडले. पण त्याच्याबद्दल यापलीकडे सांगण्यासारखं काहीच नाही. माझं मत टॉल्किनच्याच ग्लाउरुंगला. त्याला पंख नाहीत. तो पापणी नसलेल्या डोळ्यांनी तूरिन या योद्ध्याकडे बघतो आणि तूरिन तलवार उगारलेल्या अवस्थेत खिळून राहतो. मग ग्लाउरुंग त्याला सांगतो, की तुझी आई आणि बहीण तुझ्या मुलखात हालअपेष्टा सोसत आहेत आणि तू इथे मिरवतोयस. त्या दोघी प्रत्यक्षात तिथून कधीच सुरक्षित जागी गेलेल्या असतात. तूरिन त्या शब्दांवर धावत सुटतो आणि जिला वाचवता आलं असतं त्या राजकन्या फिंदुइलासच्या हाका मागे राहतात. पुढे हाच ड्रॅगन त्याच्या बहिणीची स्मृती पुसतो. भाऊ-बहीण एकमेकांना न ओळखता लग्न करतात, आणि मरणाच्या दारात असताना ग्लाउरुंग तिला तिची आठवण परत देतो. वंशाचा पार निर्वंश होतो, आणि त्यासाठी त्याला त्या दोघांवर एक ठिणगीही खर्चावी लागत नाही.

वाचायला सुरुवात करायची असेल तर आधी 'द हॉबिट'मधलं स्माउगचं प्रकरण वाचा, मग अर्थसीचा पहिला भाग. ग्लाउरुंगची कथा 'द सिल्मरिलियन'मध्ये आटोपशीर आहे आणि 'द चिल्ड्रन ऑफ हुरिन'मध्ये सविस्तर. दुसरं पुस्तक आधी वाचलं तरी चालतं, फक्त मन घट्ट करून बसा. एवढं रडगाणं नको असेल तर टेरी प्रॅचेटचं 'गार्ड्स! गार्ड्स!' घ्या. त्यातले दलदलीतले छोटे ड्रॅगन आग तयार करण्यासाठी मिळेल ते खातात, त्यामुळे त्यांचं पोट कायम बिघडलेलं असतं, आणि फार चिडले की त्यांचा स्फोट होतो.