प्रश्न सुपरचार्जरचा, चिंता तीन लाखांच्या हप्त्याची

मुलुंडचे एक 38 वर्षांचे वाचक लिहितात: "2017 सालची फोर्ड मस्टँग जीटी मी नुकतीच जुनी घेतली असून तिच्यावर 30 लाखांचे कर्ज आहे. आता तिला सुपरचार्जर बसवायचा आहे. ट्विन-स्क्रू घ्यावा की सेंट्रिफ्यूगल? किट आणि ट्यूनिंग मिळून 14 लाखांचे कोटेशन आले आहे. त्यासाठी वैयक्तिक कर्ज काढावे, की मुलीच्या शिक्षणासाठी जमवलेले 11 लाखांचे म्युच्युअल फंड विकावेत? माझ्या गॅरंटीड पॉलिसीत पैसे दुप्पट होणार असल्याने पुढची काळजी नाही. हातात महिना 3 लाख 20 हजार येतात, घराचे 90 लाख फेडायचे आहेत, पत्नी नोकरी करत नाही आणि मुलगी सहा वर्षांची आहे."

आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंप, आणि ट्विन-स्क्रू व सेंट्रिफ्यूगल हे त्याचे दोन प्रकार. ट्विन-स्क्रू प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा इंजिनात ढकलतो, त्यामुळे कमी आरपीएमलाही (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) जोर मिळतो. सेंट्रिफ्यूगलचा बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, आरपीएमबरोबर वाढत जातो आणि त्याची खरी ताकद अगदी वरच्या टप्प्यात हाती येते. कोस्टल रोडवर ताशी 80 आणि अटल सेतूवर 100 किलोमीटरची मर्यादा असताना तो वरचा टप्पा तुम्हाला क्वचितच वापरता येईल, म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी कमी बूस्टचा ट्विन-स्क्रू बरा. मात्र तो इंजिनाच्या डोक्यावरच बसतो आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तापतो, त्यामुळे इंटरकूलरमध्ये (आत जाणारी हवा थंड करणाऱ्या भागात) काटकसर करू नये. लहान पुली लावून बूस्ट वाढवण्याचा आग्रह कोणी धरला तर नकार द्यावा, कारण तुमच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच 11 ला 1 आहे आणि हवा जास्त तापली की नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनाला इजा होण्याचा, धोका वाढतो. बूस्ट सहा-सात पीएसआयवर (दाबाचे एकक) थांबवावा आणि ट्यून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची जुळणी, 95 ऑक्टेनच्या (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचा आकडा) पेट्रोलसाठीच करून घ्यावा. 100 ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळते आणि त्याच्या भरवशावर केलेला ट्यून गावाकडच्या प्रवासात महागात पडतो.

हे सगळे 14 लाखांत बसेल असे मला वाटत नाही. इंजेक्टर, फ्युएल पंप, डायनोवरचे (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) तास, आयातीवरची कस्टम ड्युटी आणि जीएसटी हे सर्व कोटेशनमध्ये धरले आहे का, हे गॅरेजकडून लेखी घ्यावे. मी स्वतः 18 ते 20 लाख धरून चालेन. निव्वळ 14 लाखांचे वैयक्तिक कर्ज 13 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तरी महिन्याला सुमारे 32 हजार आणि एकूण 19 लाख जातात. "किटमुळे गाडीची किंमत वाढेल" असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर ते विसरून जावे. फोर्डने 2021 मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि अशा कंपनीची इंजिनात फेरफार केलेली जुनी गाडी घेणारा ग्राहक घासाघीस करूनच घेतो.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सुद्धा विचारात घ्यावे लागेल. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठी भीती मला विम्याची वाटते. कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर गाडीच्या नुकसानीचा दावा ती फेटाळू शकते, आणि तुमच्या डोक्यावर गाडीचे कर्ज तसेच राहते.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत धोकादायक वाक्य "पुढची काळजी नाही" हे आहे. पत्रासोबत तुम्ही जोडलेल्या तक्त्यानुसार 2023 पासून वर्षाला 3 लाख असे दहा हप्ते भरायचे आहेत, विसाव्या वर्षाअखेर 62 लाख मिळणार आहेत आणि विमा संरक्षण 30 लाखांचे आहे. 30 चे 62 झाले म्हणजे दुप्पट झाले, असे बँकेतील रिलेशनशिप मॅनेजरने तुम्हाला सांगितले. पण ते व्हायला वीस वर्षे लागतात, आणि गणित केले तर परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. त्याच वेळी तुम्ही घराच्या कर्जावर आठ टक्क्यांच्या आसपास व्याज भरत आहात. पावणेपाच मिळवण्यासाठी आठ मोजायला लावणारा हा सल्ला ज्याने दिला, त्याने तुमच्या घराचा हिशेब पाहिलाच नव्हता.

संरक्षणाचा आकडा तर मला अस्वस्थ करतो. उद्या तुमचे बरेवाईट झाले तर पत्नीच्या हाती 30 लाख येतील आणि घराचे 90 लाख व गाडीचे कर्ज समोर उभे राहील. दुसरी कोणतीही पॉलिसी तुमच्या पत्रात दिसत नाही. तुम्हाला किमान 2 कोटींचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) हवा. तुमच्या वयाच्या निरोगी, तंबाखू न घेणाऱ्या माणसाला तो साधारण 30 ते 40 हजार रुपये वार्षिक हप्त्यात मिळायला हरकत नाही, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. आजार, कौटुंबिक इतिहास, सवयी, सर्व काही अर्जात खरे लिहा. पुढे दावा करण्याची वेळ तुमच्या पत्नीवर येईल, हे अर्ज भरताना लक्षात ठेवा.

मुदत विमा हाती आल्यावरच, आधी नव्हे, गॅरंटीड पॉलिसीचा चौथा हप्ता थांबवा. ती सरेंडर करू नका, म्हणजे मुदतीआधी मोडू नका. तीन हप्त्यांनंतर सरेंडर केल्यास भरलेल्या 9 लाखांपैकी जेमतेम 3 लाख 15 हजार हाती येतील. त्याऐवजी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर तक्त्याच्या प्रमाणात मुदतीअखेर 18 लाखांच्या आसपास मिळू शकतात. 3 लाख 15 हजारांचे 17 वर्षांत 18 लाख म्हणजे वर्षाला जवळजवळ 11 टक्के होतात आणि तेवढी खात्री तुम्हाला दुसरीकडे कोणी देणार नाही. पेड-अपची नेमकी रक्कम कंपनीकडून लेखी मागवा, कारण काही योजनांमध्ये पेड-अप झाल्यावर वाढीव लाभ गळतात. उरलेले सात हप्ते भरत राहिलात, तर त्या 21 लाखांवर वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपासच मिळेल. तेच 3 लाख दरवर्षी घराच्या कर्जाच्या मुद्दलात भरा.

म्युच्युअल फंडांना हात लावू नका. दोन्ही ईएमआय मिळून सुमारे 1 लाख 50 हजार आणि पॉलिसीचे 25 हजार तुमच्या पगारातून आजच जातात. त्यात किटचे 32 हजार धरले तर घरखर्च, शाळेची फी आणि बचत या सर्वांसाठी सव्वा लाखाहून कमी उरतो. नोकरी चार महिने गेली तर हातचे म्हणून किती पैसे आहेत, तेही पत्रात नाही, आणि मला वाटते ते नसावेत. गाडीचे कर्ज फिटेपर्यंत सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे 16 ते 18 लाख, मुदत ठेव आणि लिक्विड फंडात हळूहळू जमवा.

400 अश्वशक्तीच्या आसपासची व्ही-8 गाडी तुमच्याकडे आहेच. सध्या चांगले टायर, ब्रेक पॅड आणि वेळेवर तेलबदल यांवर खर्च करा. दीड-दोन लाखांत गाडी वेगळी वाटेल. गाडीचे कर्ज संपले की पुन्हा लिहा, आणि तेव्हा सुपरचार्जरसाठी बाजूला काढलेली रोख रक्कम किती आहे तेवढे कळवा.