व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीत दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, भारताचं स्वतःचं, कायमचं पॅव्हिलियन (देशाचं दालन) का नाही?

सरळ उत्तर असं की आपण पोचेपर्यंत जागा संपली होती. बिएनाले १८९५ पासून भरते. तिथल्या जार्दिनी नावाच्या बागेत बेल्जियमने १९०७ मध्ये पहिलं पॅव्हिलियन बांधलं, पाठोपाठ ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आले. आपण तेव्हा पारतंत्र्यात. १९९५ ला दक्षिण कोरियाला जागा मिळाली आणि मग बाग जवळपास भरलीच. उशिरा येणारे देश आर्सेनाले या जुन्या गोदीत, नाहीतर शहरातल्या एखाद्या जुन्या प्रासादात जागा भाड्याने घेतात.

पण इमारत नसल्याचं मला फारसं दुःख नाही. अंगोला २०१३ मध्ये पहिल्यांदाच आला आणि सर्वोत्तम राष्ट्रीय पॅव्हिलियनचा सुवर्णसिंह पुरस्कार घेऊन गेला. २०१९ मध्ये तो लिथुआनियाला मिळाला. बागेत या दोघांचंही काही नव्हतं.

मला खुपतं ते आपलं धरसोडीचं वागणं. भारताचं पहिलं अधिकृत राष्ट्रीय पॅव्हिलियन २०११ चं, आर्सेनालेत, क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारे, मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे. कलाकारांपैकी झरीना हाशमी न्यूयॉर्कला राहणाऱ्या, तर डिझायर मशीन कलेक्टिव्ह गुवाहाटीचं. म्हणजे देश कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हाच प्रश्न देशाच्या दालनात मांडलेला. गिगी स्कारियाने तर चक्क लिफ्ट उभी केली होती. आत शिरायचं, दार बंद व्हायचं आणि भोवतीच्या पडद्यांवर मजले सरकू लागायचे: तळघरातलं पार्किंग, मग वेगवेगळ्या आर्थिक थरांतली घरं, शेवटी गच्ची. आपल्या शहरांमधली उतरंड परदेशी माणसाला दोन-चार मिनिटांत कळावी, याहून नेमकी युक्ती मला तरी सुचत नाही.

एवढी दमदार सुरुवात करून आपण पुन्हा उगवलो ते थेट २०१९ ला, गांधीजींच्या १५० व्या जयंतीनिमित्त. मुंबईच्या शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं तेव्हा तिथे होती. रुम्माना हुसेन यांचंही काम होतं. त्या स्वतः १९९९ मध्येच वारल्या होत्या. नंतर २०२२ आणि २०२४ ला पुन्हा भारताचं पॅव्हिलियन नाही.

सरकारने दर खेपेला निदान दीड वर्ष आधी क्युरेटर नेमावा, पैशांची तजवीज करावी आणि जयंतीची वाट न बघता जावं. भाड्याची जागा चालेल.