उघड्या डोंगरांवरची वनस्पतिसृष्टी : वाचकांचे प्रश्न

कोरड्या पर्वतप्रदेशांतील देशी वनस्पतींविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत. पहिल्याचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या उत्तरांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : जिथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो आणि नजर पोहोचेल तिथवर दगडमातीच दिसते, अशा पर्वतांना वनस्पतींच्या दृष्टीने ‘समृद्ध’ म्हणणे ही अतिशयोक्ती नाही का?

उत्तर : ‘समृद्ध’ म्हणताना आपण झाडोऱ्याची दाटी मोजतो की जातींची संख्या, यावर हे अवलंबून आहे. एखाद्या घनदाट सूचिपर्णी वनात मैलभर चालूनही दोन-तीन जातींपलीकडे वृक्ष भेटत नाहीत. कोरड्या उतारावर मात्र दोन झुडपांमध्ये हातभर जमीन उघडी असते आणि ती दोन झुडपे बहुधा निरनिराळ्या कुळांतली निघतात. लेहच्या परिसरात पडणारे पाणी तुम्ही म्हणता तेवढेच, म्हणजे वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर आहे, कारण मोसमी वाऱ्यांतील बाष्प हिमालयाच्या दक्षिण उतारांवरच रिकामे होते आणि पलीकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो. तरीही लडाखमध्ये ६,१५० मीटर उंचीवर सहा जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदवल्या गेल्या आहेत.

या विविधतेचे पहिले कारण उंची हे आहे. दर हजार मीटर चढाईमागे तापमान सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने उतरते, हे सर्वच पर्वतांना लागू आहे. पण कोरड्या पर्वतावर त्याच चढाईबरोबर ओलावाही बदलतो. वर चढणारी हवा थंड होऊन उरलेसुरले बाष्प सोडते, त्यामुळे पायथ्याशी पाण्याची टंचाई आणि शिखराशी उबेची टंचाई, अशा दोन विरुद्ध अडचणी एकाच डोंगरावर नांदतात. दोन्ही त्यातल्या त्यात सौम्य असतात त्या मधल्या पट्ट्यात अनेकदा सर्वाधिक जाती सापडतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सांता कॅटालिना पर्वतरांगेच्या पायथ्याशी सग्वारो हे उंच निवडुंग उभे असतात आणि सुमारे २,७९० मीटर उंचीच्या माउंट लेमनच्या माथ्याजवळ फर वृक्षांचे थंड वन लागते. एरवी हा बदल पाहायला उत्तरेकडे फार मोठा प्रवास करावा लागला असता.

दुसरे कारण उताराचे तोंड. उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतार ऊन खातो आणि लवकर वाळतो, तर उत्तराभिमुख उतारावर बर्फ जास्त दिवस टिकते; म्हणूनच सग्वारो दक्षिणेकडच्या उतारांवर अधिक उंचीपर्यंत चढतात. पाणी मुबलक असते तिथे हा फरक फारसा बोचत नाही. जिथे थेंबाथेंबाचा हिशेब असतो, तिथे एकाच टेकडीच्या दोन बाजूंवर दोन वेगळे वनस्पतिसमूह उभे राहतात, आणि वितळलेले बर्फ जिरते त्या घळीत तिसराच. खडकाचा प्रकारही असाच बोलका असतो : जिप्सम किंवा सर्पेंटाइन यांच्या मातीत बहुतेकांना जगणे अवघड जाते, पण ज्यांना ते जमते अशा काही जाती दुसरीकडे कुठेच आढळत नाहीत.

यात काळाची भर पडते. कोरड्या मैदानांनी वेढलेले शिखर हे थंडीची सवय असलेल्या वनस्पतीच्या दृष्टीने बेटच असते. बिया शेजारच्या शिखरावर सहजी पोहोचत नाहीत, प्रत्येक बेटावरची पैदास हळूहळू वेगळी होत जाते आणि कालांतराने नव्या जाती तयार होतात. शेंगावर्गीय ॲस्ट्रॅगॅलस ही सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठी प्रजाती, म्हणजे जवळचे नाते असलेल्या जातींचा गट, मानली जाते. तिच्या सुमारे ३,००० जाती आहेत आणि त्यांपैकी खूप मोठा वाटा इराण, तुर्कस्तान व मध्य आशियातील कोरड्या डोंगरांचा आहे.

प्रश्न : ‘देशी’ आणि ‘प्रदेशनिष्ठ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतील का?

उत्तर : चालणार नाही. माणसाने आणून न लावता जी वनस्पती एखाद्या भागात निसर्गतः वाढते ती तिथली देशी. ती आणखी दहा देशांतही देशी असू शकते. प्रदेशनिष्ठ वनस्पती मात्र त्या एका भागाबाहेर निसर्गतः सापडतच नाही. येमेनच्या सोकोत्रा बेटावर सुमारे ८२५ वनस्पतिजाती आहेत आणि त्यांपैकी ३७ टक्के प्रदेशनिष्ठ आहेत. छत्रीसारख्या डोलाऱ्यावर धुके अडवून त्याचे पाणी मुळांपर्यंत पोहोचवणारा ड्रॅगनब्लड वृक्ष त्यांतलाच. मोठे वृक्ष उभे दिसत असल्याने सारे ठीक आहे असे वाटते, पण रोपे शेळ्यांच्या तोंडून क्वचितच वाचतात. अशी जाती तिथून गेली की जगातूनच गेली, म्हणून हा फरक शब्दांपुरता राहत नाही.

प्रश्न : उंच पठारांवर दगडाला चिकटलेल्या हिरव्या गोळ्यांची छायाचित्रे पाहिली. ते शेवाळ आहे का?

उत्तर : ते शेवाळ वाटते खरे, पण ती फुले येणारी वनस्पती आहे. अगदी आखूड फांद्या एकमेकींना घट्ट बिलगून गादीसारखा घुमट तयार होतो. वारा त्यावरून सरकून जातो, दिवसा आतली ऊब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त राहते, आणि जुनी पाने गळून दूर न जाता आतच कुजून ओल धरणारे खत बनतात. ही युक्ती इतकी उपयोगी आहे की सपुष्प वनस्पतींत ती स्वतंत्रपणे शंभराहून अधिक वेळा उत्क्रांत झाली आहे. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते : या गादीत इतर जातींच्या बिया रुजतात, म्हणजे उघड्या जमिनीवर जगू न शकणाऱ्या रोपांना ती आसरा देते. अँडीज पर्वतातील यारेटा ही अशीच वनस्पती वर्षाला जेमतेम दीड सेंटीमीटर वाढते आणि तिचे काही घुमट हजारो वर्षांचे असावेत असा अंदाज आहे. राळ भरपूर असल्याने एके काळी खाणींसाठी ती इंधन म्हणून बेसुमार तोडली गेली. तेव्हा अशा गादीवर बसून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा.

प्रश्न : आमचा गट एका उजाड डोंगरावर दोन हजार झाडे लावू इच्छितो. कोणती निवडावीत?

उत्तर : आपल्या हेतूविषयी आदर ठेवूनच सांगतो की, निवडीआधी तो डोंगर उजाड झाला आहे की मुळातच विरळ आहे, हे ठरवायला हवे. तोड आणि अतिचराईने झाडी गेली असेल, तर उरलेल्या घळींमधून, कड्यांच्या आडोशाने तिचे अवशेष दिसतात. तिथलेच बी घेऊन, आधी चराई थांबवून, थोड्या जागी काम करावे. पण तो उतार पूर्वीपासून गवत आणि बुटक्या झुडपांचाच असेल, तर दाट लावलेली झाडे खोलवरची ओल शोषतात आणि सावलीने खालच्या जाती मारतात. चीनच्या लोएस पठारावर बाभुळसदृश रोबिनियाच्या लागवडीखालची माती खोलपर्यंत कोरडी पडल्याचे दिसून आले आहे. अशा जागी दोन हजार खड्डे खणण्याऐवजी वर्षभर प्रत्येक ऋतूत जाऊन तिथल्या जातींची यादी करणे अधिक मोलाचे ठरेल, मग त्या कामाला उद्घाटनाचा फलक लागला नाही तरी चालेल.

प्रश्न : तापमान वाढले तर वनस्पती आणखी वर सरकतील, मग चिंता कसली?

उत्तर : ओलसर पर्वतांवर तसे घडताना दिसते. युरोपातील ६६ शिखरांवर २००१ आणि २००८ साली त्याच ठरावीक चौकटींत मोजणी केली, तेव्हा उत्तरेकडच्या शिखरांवर जातींची संख्या वाढलेली आढळली, पण भूमध्य सागराभोवतीच्या जवळजवळ सर्व शिखरांवर ती तेवढीच राहिली किंवा घटली. तिथे ऊब वाढली तशी उन्हाळ्यातली ओल कमी झाली. शिवाय वर सरकायला वर जागा लागते. स्पेनमधील सिएरा नेवाडाचे सर्वोच्च शिखर ३,४७९ मीटरांवर संपते, आणि त्याच्या माथ्यालगत वाढणाऱ्या प्रदेशनिष्ठ जातींच्या वर आता फक्त आकाश आहे.