टिअरड्रॉप कॅम्परसाठी ट्रेलरची फ्रेम जुनी घ्यावी की नवीन बनवून घ्यावी?

तुम्ही विचारलंय की तुम्ही चिकोडीकडचे, बोलेरोच्या मागं ओढायला ८ बाय ४ फुटाचा टिअरड्रॉप कॅम्पर, म्हणजे थेंबाच्या आकाराचा, आत झोपायची सोय असलेला छोटा ट्रेलर, घरीच बनवायलाय, गावात ट्रॅक्टरच्या छोट्या ट्रॉलीचा सांगाडा स्वस्तात मिळायलाय, तर तो घेऊ की बेळगावात नवीन फ्रेम बनवून घेऊ. मी बेळगावचाच, उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं काम करतो आणि हे दोन्ही प्रकार स्वतः करून बघितलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्रॉलीचा सांगाडा घेऊ नका. फुकट दिला तरी नको.

कारखान्याला ऊस टाकून रिकामी परत येणारी ट्रॉली तुम्ही रोजच बघत असणार. खड्ड्यात गेली की कशी उडते आणि केवढा आवाज करते. तिचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, काही टन ऊस धरायला बनवलेले असतात, चारशे किलोचा कॅम्पर त्यांच्यावर ठेवला तर ते वाकतच नाहीत, म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका सरळ तुमच्या प्लायवूडच्या जोडात जातो. मी पहिल्यांदा काकांच्या मळ्यातली जुनी लहान ट्रॉली कापूनच सुरुवात केलेली. नुसती फ्रेम चाकांसकट काट्यावर घातली तर २१० किलो भरली, तरीपण मी म्हटलं मजबूत आहे, असू दे, आणि वर सगळी बॉडी उभी केली. बेळगावहून जांबोटीला एकदा जाऊन आलो आणि घरी येऊन बघतो तर पुढच्या कोपऱ्याचा जोड दोन सूत, म्हणजे पाव इंच, उघडलेला, आतल्या फळीचे स्क्रू ढिले, दार लागेना. मग पाट्यातलं एक पान काढलं, नंतर दुसरं काढलं, थोडा फरक पडला पण फ्रेमचं वजन तेवढंच राहिलं की. शेवटी बॉडी उतरवली आणि नवीन फ्रेम केली. सहा महिन्यांचे रविवार गेले त्यात, तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगतोय.

आता नवीन कशी करायची. वेल्डरकडं जायच्या आधी एक कागद घ्या आणि वजन लिहून काढा. बहुतेक जण आधी लोखंड आणतात आणि वजन शेवटी बघतात, तिथंच चुकतं. १२ एमएमचं ८ बाय ४ चं प्लाय साधारण २२ ते २५ किलो, फरशीला १८ एमएम घेतलं तर ते ३५ च्या आसपास. बाजूच्या दोन भिंती, छप्पर, फरशी, आतलं कपाट, दारं, गादी, बॅटरी, शेगडी, पाणी, सगळं लिहा. माझं बॉडी आणि सामान मिळून २८० किलो झालं, फ्रेम, ॲक्सल आणि चाकं १४०, म्हणजे एकूण ४२०. तुमचंही ४०० ते ४५० मध्ये बसायला हरकत नाही. त्याच्या वर जायला लागलं तर सामान कमी करा, लोखंड वाढवू नका.

या वजनाला ६० बाय ४० ची ३ एमएमची चौकोनी ट्यूब पुरते, उभी वापरायची, म्हणजे ६० ची बाजू उभी. मीटरला सव्वाचार किलो भरते, ६ मीटरच्या तीन लांब्या आणल्या की काम होतं आणि थोडा तुकडा उरतो. बाहेरचा चौकट, आडव्या पाच पट्ट्या आणि गाडीला जोडायचा पुढचा दांडा, सगळं मिळून सत्तर किलोच्या आसपास होतं. बरेच वेल्डर तुम्हाला ७५ चा सी चॅनल घ्या म्हणतील, तो मीटरला सात किलोच्या वर जातो, आणि इथं सगळ्यांचा हात ट्रॉलीवर बसलेला असल्यामुळं त्यांना बारीक ट्यूब बघवत नाही. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण तुम्ही ऊस भरणार नाही हे त्यांना समजावून सांगा. लक्षात ठेवा, ८ बाय ४ ची बॉडी नीट चिकटवून बोल्ट केली की ती स्वतःच एक पेटी होते आणि फ्रेमला ताठपणा देते.

माप ८ बाय ४ च का, तर प्लायचं शीट तेवढंच येतं म्हणून. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक घरी हे बनवायलेत आणि तिकडं त्याच मापाची नट-बोल्टनं जोडायची ट्रेलरची किट दुकानात मिळते, म्हणून त्यांचे व्हिडिओ बघून वाटतं की हे दोन दिवसांचं काम आहे. तिकडचा रस्ता आणि आपला रस्ता वेगळा, आपल्याकडं प्रत्येक गावाच्या तोंडाला दोन-दोन उंच स्पीडब्रेकर. म्हणून १२ इंची चाकं घेऊ नका, १३ किंवा १४ घ्या, नाहीतर जमलं तर सरळ बोलेरोचीच १५ इंची चाकं बसतील असे हब (चाक ज्याच्यावर बसतं तो मधला भाग) घ्या म्हणजे एकच स्टेपनी दोन्हीला चालते.

दांड्याबद्दल जरा थांबून वाचा. ट्रेलर मोडतो तो जवळपास नेहमी एकाच जागी, जिथं पुढचा दांडा बॉक्सच्या पुढच्या आडव्या पट्टीखालून जातो तिथं. सगळा झटका तिथंच येतो. वेल्डर काय करतो, मजबुती यावी म्हणून तिथं ट्यूबच्या वरून आणि खालून आडवं भरगच्च वेल्डिंग मारतो, आणि नेमकं त्या वेल्डच्या कडेला लोखंड कमजोर होतं, वर्षा-दोन वर्षांनी तिथूनच केसासारखी चीर सुरू होते. आडवं वेल्डिंग मारू नका. बाजूनं पट्टी लावा, पट्टीची टोकं तिरकी कापा आणि वेल्डिंग दांड्याच्या लांबीनं मारा. तसंच ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या अंगाला बोल्टची भोकं पाडू नका, बोल्ट घालायचाच असेल तर बाजूनं, उंचीच्या बरोबर मध्ये, तिथं ताण सगळ्यात कमी असतो. आणि पोकळ ट्यूबमधून बोल्ट आवळला की ट्यूब चेपते, म्हणून आत पाइपचा तुकडा घालायचा. मी दांडा एकाऐवजी दोन घेतले, इंग्रजी ए च्या आकारात, आणि दोन्ही पहिल्या आडव्या पट्टीवर न थांबवता तिच्या खालून दुसऱ्या पट्टीपर्यंत मागं नेले. बॉलपासून (गाडीच्या मागं बसवतात तो हूकचा गोळा) बॉक्सपर्यंत ४ फूट सोडा, दांडा आखूड ठेवला तर रिव्हर्स घेताना बॉक्सचा कोपरा गाडीच्या मागच्या दाराला लागतो.

वेल्डिंग करताना आधी नुसते टाके मारून घ्या, मग दोन्ही कर्ण टेपनं मोजा, सारखे आले की मगच पूर्ण भरा, तेही एकदा या कोपऱ्यात आणि एकदा समोरच्या कोपऱ्यात. एकाच बाजूनं भरत गेला तर फ्रेम पिळते, मग कितीही ठोका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ॲक्सल कुठं बसवायचा. आमचे आजोबा बैलगाडीनं कारखान्याला ऊस घालायचे, भरताना त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असायचं, गाडी उलाळ होऊ नये. मागं जास्त भरलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ट्रेलरचं अगदी तसंच. मागं वजन जास्त झालं की दांड्याचा बॉलवरचा भार जातो, आणि मग हायवेला शेजारून एखादा कंटेनर जोरात गेला की त्याच्या वाऱ्यानं ट्रेलरची शेपूट हलायला लागते, ती हलणं स्पीडबरोबर वाढत जातं आणि शेवटी ट्रेलर गाडीलाच ओढून नेतो. हे टाळायला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यायला पाहिजे. ४२० किलोचा ट्रेलर असेल तर ४२ ते ६३ किलो. पन्नासच्या आसपास धरा.

टिअरड्रॉपमध्ये गोची अशी की स्वयंपाकघर मागं असतं. सिलिंडर, शेगडी, भांडी, पाणी, सगळं जड सामान शेपटीत. माझ्या ट्रेलरचा बॉल ते ॲक्सल अंतर २.७ मीटर आहे, ॲक्सलच्या ९० सेंटीमीटर मागं २० लिटरचे दोन कॅन ठेवले तर बॉलवरचे १३ किलो कमी होतात, नुसत्या पाण्यानं! म्हणून मी पाणी आणि बॅटरी पुढं दांड्यावरच्या पेटीत नेली.

लोक सांगतात ॲक्सल बॉक्सच्या पुढच्या टोकापासून ६० टक्क्यांवर बसवा. सुरुवातीला तो आकडा बरोबर आहे, पण पक्का वेल्ड मात्र करू नका. पाट्यांचे हँगर, म्हणजे पाट्यांची टोकं धरणारे ब्रॅकेट, एका वेगळ्या अँगलवर जोडा आणि तो अँगल मुख्य ट्यूबच्या बाजूला बोल्टनं बसवा, ५० एमएमच्या अंतरानं चार-पाच भोकं ठेवून, म्हणजे ॲक्सल मागं-पुढं सरकवता येतो. बॉडी पूर्ण झाली, सामान भरलं, पाणी भरलं की मग मोजा. घरातला माणसं मोजायचा काटा चालतो, त्याच्यावर एक लाकडी ठोकळा ठेवायचा आणि कप्लर (दांड्याच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) त्याच्यावर टेकवायचा, पण ट्रेलर सपाट जागेवर आणि कप्लरची उंची गाडीच्या बॉलएवढीच पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. एकूण वजन मात्र उसाच्या नाहीतर खडीच्या वजनकाट्यावर घ्या. माझ्या मापात ॲक्सल १० सेंटीमीटर मागं सरकवला की बॉलवरचा भार साधारण १३ किलो वाढतो, म्हणजे दोन भोकांत काम होतं. जागा ठरली की बॉलच्या मध्यापासून दोन्ही हबपर्यंत टेप लावून बघा, एका सुतापेक्षा जास्त फरक असेल तर ट्रेलर तिरका चालणार आणि टायर खाणार.

एवढं करूनही कधी शेपूट हललीच तर ब्रेक दाबू नका आणि स्टेअरिंग फिरवून सावरायला जाऊ नका, ॲक्सिलेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, आपोआप शांत होतो. आणि तवंदी घाट किंवा चोर्ला उतरताना आधीच खालच्या गिअरमध्ये या, ट्रेलरला ब्रेक नाही म्हणून त्याचंही वजन तुमच्याच ब्रेकवर येतं.

पाटे लहान गाडीचे घ्या, दोन्ही मिळून ५००-६०० किलो झेलतील असे. टाटा एससारख्या मालगाडीचे नकोत, तिथं पुन्हा ट्रॉलीचीच गोष्ट.

हूक ट्रॅक्टरचा पिनवाला अजिबात नको. पिनमध्ये ढिल असते, प्रत्येक ब्रेकला मागून ठोकर बसते. बॉल आणि कप्लर वापरा, पण दोन्ही एकाच मापाचे, बाजारात ५० एमएमचे आणि दोन इंचाचे दोन्ही मिळतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. ५० चा बॉल दोन इंची कप्लरमध्ये बसतो पण खड्ड्यात उचलून बाहेर येऊ शकतो. बॉलवर माप कोरलेलं असतं, वाचून घ्या. टो बार, म्हणजे बॉल धरणारी गाडीमागची दांडी, चेसिसला लावा, बंपरला नाही. खाली दोन सेफ्टी चेन फुलीसारख्या.

कागदाचं काम लोखंड कापायच्या आधी. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे त्याची वेगळी नोंदणी लागते, गाडीच्या नंबरवर चालत नाही. तुम्ही चिकोडीचे म्हणजे केए २३ चं आरटीओ ऑफिस, तिथं ड्रॉइंग आणि अंदाजे वजन घेऊन जा, विचारा, मग ठरवा. ट्रेलर बनवून रीतसर कागद देणारा कारखानदार मिळाला तर नुसती फ्रेम त्याच्याकडून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण आपण सीमेवरची माणसं, कोगनोळी ओलांडली की महाराष्ट्र आणि चोर्ला उतरलो की गोवा, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी थांबवून विचारणारच. नवीन बनवायला जास्त खर्च करायचं कारण असेल तर हेच, मजबुती नाही.

रंगाचं थोडक्यात. आंबोली, कणकुंबीकडं पावसात नेणार असाल तर ट्यूब आतून गंजते, बाहेरून कितीही रंगवा. टोकं बंद करा आणि खालच्या अंगाला, दांड्याचा जोड सोडून, पाणी निघायला लहान भोकं ठेवा. रेड ऑक्साइड लावून वर दोन हात. गॅल्व्हनाइज्ड ट्यूब वेल्ड करायची झाली तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढायला सांगा, त्याच्या धुरानं वेल्डरला रात्री थंडी-ताप येतो, मी हे दोनदा भोगलंय.

मागं लाइट, इंडिकेटर, आणि रिफ्लेक्टर टेप चारी बाजूंनी भरपूर लावा. हंगामात रात्री रस्त्याकडेला बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीला धडकून आपल्या भागातली किती माणसं गेलीत ते तुम्हाला सांगायला नको.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा निपाणी-चिकोडी एवढंच जा, वीस किलोमीटरवर थांबून दोन्ही हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय, ढिलं करून पुन्हा बसवा. आणि वजनाचे दोन आकडे, एकूण आणि बॉलवरचा, इथं खाली टाका की, ॲक्सल किती सरकवायचा ते मी हिशोब करून सांगतो.