घरमालकांचे प्रश्न: एक मीटर, तीन बिऱ्हाडे

प्रश्न (पिंप्राळा, जळगाव): खाली आम्ही राहतो, वरच्या मजल्यावर दोन भाडेकरू. लाईटचे मीटर एकच. वर सब-मीटर बसवून युनिटमागे दहा रुपये घेतो, तरी उन्हाळ्यात आम्हालाच पदरचे घालावे लागतात. असे का?

उत्तर: मुख्य कारण टप्प्यांचे. महावितरणचा घरगुती दर 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असा चढत जातो. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या साधारण दुप्पट. हिवाळ्यात प्रत्येक घराचे 90 युनिट धरा. वेगळ्या मीटरवर तिन्ही घरे पहिल्याच टप्प्यात राहतात. एका मीटरवर त्याचे 270 होतात आणि 170 युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात. आता कूलर लावा. 200 वॅटचा कूलर रोज 12 तास चालला की महिन्याला 72 युनिट, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये 12 तास म्हणजे कमीच. तिन्ही घरांचे मिळून 486, म्हणजे तिसरा टप्पा. दहाचा दर हिवाळ्याच्या बिलावर बेतलेला असणार.

दुसरी गळती पंपाची. नळ दिवसाआड आले की पाणी हौदात साठवून वर चढवावे लागते. एक एचपीची मोटर तासाला सुमारे एक युनिट खाते. रोज तासभर चालली तरी महिन्याचे 30 युनिट कुठल्याच सब-मीटरवर येत नाहीत.

वायरिंगही तपासा. एका भाडेकरूचे सगळे एमसीबी (बोर्डावरचे वीज तोडणारे खटके) पाडा आणि त्याच्या सब-मीटरचा लाल दिवा पाहा. तो लुकलुकत राहिला तर जिन्यातला दिवा किंवा दुसऱ्याचा फ्रिज त्याच्या लाइनवर आहे. थांबला तर त्याच्या घरातला फक्त 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. मीटरवर 3200 इम्प (म्हणजे एका युनिटमागे दिवा 3200 वेळा लुकलुकतो) छापले असेल तर दिवा मिनिटाला पाचेक वेळा लुकलुकायला हवा. फारच कमी-जास्त झाला तर तो सब-मीटर बदला.

पण खरा उपाय वेगळ्या जोडण्यांचाच. आपल्या मीटरवरची वीज दर लावून विकायला विद्युत कायदा 2003 प्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे भाडेकरूशी वाजले तर तुमची बाजू लंगडी पडते. नव्या जोडणीचा ए-1 अर्ज, घरपट्टीची पावती किंवा मालकीचा उतारा आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडा. एकाच कुटुंबाने टप्पा वाचवायला दुसरे मीटर मागितले तर अर्ज अडतो. म्हणून बिऱ्हाड वेगळे असल्याचा पुरावा म्हणून नोंदणी केलेला भाडेकरारही द्या. स्थिर आकार प्रत्येक मीटरला वेगळा पडेल, पण वरच्या हिशेबात तो परवडतो.

प्रश्न (देवपूर, धुळे): दोन ब्लॉकचे भाडे 7,000 आणि 6,000. यंदा रंगकाम आणि बोअरच्या मोटरला 28,000 गेले. ते उत्पन्नातून वजा होतील का?

उत्तर: नाही. घरभाड्याच्या उत्पन्नात दुरुस्ती, रंग, दलाली वेगळी दाखवता येत नाही. त्यासाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते, खर्च एक रुपया असो वा लाख. हिशेब असा: वर्षाचे भाडे 1,56,000. त्यातून या ब्लॉकची तुम्ही याच वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, समजा 9,000, वजा. राहिले 1,47,000. त्याचे 30 टक्के 44,100. करपात्र उत्पन्न 1,02,900.

चूक होते ती घरपट्टीत. बिल आले पण भरले नाही, तर वजावट नाही. भाडेकरूने भरली तरी नाही. मागची थकबाकी यंदा भरली तर ती यंदाच धरायची. मार्चअखेर पावती हातात असावी. तशीही महापालिकेची थकबाकी नोटिशीनंतर दरमहा 2 टक्के शास्तीने फुगते.

गृहकर्ज असेल तर भाड्याच्या घरावरचे व्याज वजा होते. मात्र त्यातून तोटा निघाला, तर जुन्या करप्रणालीत तो पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला 2 लाखांपर्यंतच वळता करता येतो. नव्या प्रणालीत मुळीच नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आकडे बदलले, 30 टक्क्यांचा हिशेब तोच राहिला.

घर पत्नीच्या नावावर आणि पैसा तुमचा असेल, तर भाडे तुमच्याच उत्पन्नात धरले जाते. ही पळवाट अजूनही अनेक जण सुचवतात, ऐकू नका.

प्रश्न (भुसावळ): पुढच्या खोलीला शटर लावून मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिली. लाईट घरच्याच मीटरवर आहे. चालेल?

उत्तर: चालणार नाही. राहत्या घराच्या एका भागात घरच्याच माणसाने शिवणकाम वगैरे केले आणि वापर महिन्याला 300, वर्षाला 3,600 युनिटांच्या आत राहिला, तर घरगुती दर लागतो. भाड्याने दिलेल्या गाळ्याला ती सवलत धरू नका. तपासणीत सापडले तर विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून आहे हे ठरवता आले नाही, तर मागचे 12 महिने धरतात. अपिलाला 30 दिवस मिळतात आणि आधी निम्मी रक्कम भरावी लागते. गाळ्याला वाणिज्य मीटर घ्या आणि बिल दुकानदाराकडे सोपवा.

प्रश्न (चाळीसगाव): भाडेकरूने तीन महिन्यांचे भाडे आणि लाईट बिल थकवले. फ्यूज काढून ठेवला तर?

उत्तर: हात लावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 ने घरमालकाला पाणी-वीज तोडायला मनाई आहे. तक्रार झाली तर थकबाकी बाजूला राहून तुम्हीच आरोपी व्हाल. करार नोंदवलेला आहे का, हे आधी पाहा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. मुदतीनंतर जागा अडवल्याबद्दल दुप्पट भाडे मागता येते.

पुढच्या वेळी अनामत ठरवताना उन्हाळ्याची दोन बिले धरा. विद्यार्थी परीक्षा झाली की मेमध्ये खोली सोडतात आणि कूलरचे सगळ्यात मोठे बिल जूनमध्ये येते. किल्ली घेण्याआधी मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्या मोबाइलवर काढा, अनामत त्या रीडिंगचे बिल आल्यावरच परत करा. हे करारातही लिहा.